अटकेची कार्यपद्धती मोडली तर केस संपते का? कलम २१ आणि २२ प्रत्यक्षात कुठे कामी येतात

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या धाकट्या भावाला सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून फोन आला, 'साहेबांनी बोलावलंय, अर्ध्या तासाचं काम आहे.' तो गेला. मोबाईल काढून घेतला गेला आणि रात्रभर त्याला तिथंच बसवून ठेवलं. मंगळवारी संध्याकाळी सहाला कागदावर अटक दाखवली आणि बुधवारी दुपारी तीनला कोर्टात हजर केलं. तक्रार व्यवहारातल्या फसवणुकीची आहे. ओळखीचे वकील म्हणाले, 'हे टेक्निकल मुद्दे, यात काही दम नाही.' यूट्यूबवर मात्र कुणीतरी ठणकावून सांगितलं की प्रक्रिया मोडली की केसच संपते. आणि तुम्ही विचारताय, शाळेत पाठ केलेलं राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, खरोखर कुणाच्या उपयोगी पडतं का?

मी फौजदारी वकिली करते, तालुक्याच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत. माझ्या मते तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दोन्हींनी नुकसान एकच होतं. पहिला ऐकला तर माणूस अर्जच करत नाही. दुसरा ऐकला तर तो भलत्या गोष्टीसाठी अर्ज करतो, हरतो आणि मग राज्यघटनेवरच चिडतो. खरी गोष्ट अशी की हे हक्क मजबूत आहेत, पण ते आपोआप चालत नाहीत. ते वेळेत, लेखी आणि योग्य न्यायाधीशासमोर मांडावे लागतात. तो न्यायाधीश बहुतेक वेळा दिल्लीत नसतो. पहिल्या रिमांडला, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरतं त्या पहिल्या सुनावणीला, बसलेले तुमच्या तालुक्याचे न्यायदंडाधिकारी, तेच ते न्यायाधीश.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधीच सांगते. गुन्ह्याला कोणकोणती कलमं लावली आहेत, भाऊ अजून कोठडीत आहे की जामिनावर सुटलाय, त्याने कोणत्या कागदांवर सह्या केल्या, आणि पहिल्या रिमांडला त्याच्या बाजूने कुणी काही बोललं का. ही माहिती तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून मी साध्या फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा गुन्हा आहे असं धरून लिहितेय. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि हा सात वर्षांचा आकडा महत्त्वाचा आहे; का, ते पुढे येईल. मनी लाँडरिंग, यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) किंवा अमली पदार्थांचा कायदा लागला असेल तर जामिनाचं गणित पार बदलतं.

आता तासांचा हिशोब. राज्यघटनेचं कलम २२(२) सांगतं की अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. फक्त प्रवासाचा वेळ त्यातून वगळायचा. सुट्टी वगळायची नाही, साहेब बंदोबस्तात आहेत हेही कारण चालत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, हेच कलम ५८ मध्ये आहे. तुमच्या भावाच्या कागदांवर मंगळवारी सहा ते बुधवारी तीन, म्हणजे एकवीस तास दिसतात. सगळं नियमात. प्रत्यक्षात तो सोमवारी अकरापासून बाहेर पडू शकत नव्हता, म्हणजे बावन्न तास झाले.

मग घड्याळ कुठून सुरू करायचं? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशक हुसेन अल्ला देथा प्रकरणात याचं स्वच्छ उत्तर दिलेलं आहे: माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणी अटक झाली. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ टाकली याने ते बदलत नाही. 'अटक नव्हती, चौकशीसाठी बसवला होता' हे वाक्य आम्ही कोर्टात नेहमी ऐकतो, आणि त्याला प्रतिप्रश्न एकच असतो: तो उठून घरी जाऊ शकत होता का? मोबाईल कुणाकडे होता? रात्री जेवण घेऊन आलेल्या घरच्यांना भेटू दिलं का? चौकशीला बोलावणं बेकायदा नाही, आणि स्वतःहून जाऊन दोन तासांत परत आलेल्या माणसाला 'मला डांबून ठेवलं' म्हणता येणार नाही. पण रात्र काढायला लावली की ते बोलावणं उरत नाही. ईडीच्या एका प्रकरणात रात्रभर जबाब नोंदवत बसवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट नापसंती नोंदवली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, तो त्याचा हक्क आहे, असं म्हटलं. त्याच निकालात त्या अर्जदाराची अटक बेकायदा ठरवायला मात्र कोर्टाने नकार दिला, हेही सांगून ठेवते. कुठलाही निकाल आपल्या सोयीचा तेवढाच वाचू नका.

हे सिद्ध कसं करायचं, हा कामाचा भाग आहे. अटकेच्या फॉर्मवर वेळ असते. ठाण्याच्या स्टेशन डायरीत कोण आलं, कोण गेलं याची नोंद असायला हवी. दोन्हींची वेळ जुळते का ते बघायचं. तुमच्या फोनमध्ये सोमवारी दुपारी तुम्ही ठाण्याला केलेले कॉल, भावजयीने पाठवलेले 'अजून सोडलं नाही का?' असे मेसेज, रात्री डबा घेऊन गेलेल्या माणसाचं नाव, ठाण्यासमोरच्या दुकानाचा कॅमेरा, हे सगळं पुरावा आहे. सर्वांत मोठा पुरावा मात्र ठाण्याच्याच सीसीटीव्हीत असतो. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात आत-बाहेर जाण्याचे दरवाजे, लॉकअप, व्हरांडे, स्वागतकक्ष अशा सगळ्या ठिकाणी कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण अठरा महिने जपलं पाहिजे. तेवढी सोय अजिबातच नसेल तर किमान एक वर्ष. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता' किंवा 'फुटेज ओव्हरराइट झालं' हे उत्तर येतंच. म्हणून वाट बघायची नाही. आजच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा: अमुक तारखेच्या सकाळी अकरापासून अमुक तारखेपर्यंतचं, मुख्य दरवाजा, ठाणे अंमलदाराचं टेबल, व्हरांडा आणि लॉकअप इथलं चित्रीकरण जपून ठेवण्याचा आदेश व्हावा. एका पानाचा अर्ज पुरतो. तो दिल्यावर फुटेज गेलं तर त्याचं उत्तर पोलिसांना द्यावं लागतं. न दिल्यावर गेलं तर तुमची नुसती तक्रार उरते.

दुसरा मुद्दा त्या फोनचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हा नियम २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सगळ्या देशाला माहीत आहे. आधी लेखी नोटीस द्यायची, जुन्या कायद्यात कलम ४१अ ची, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची. माणूस नोटिशीप्रमाणे हजर होत असेल तर अटक करायची नाही. करायचीच असेल तर ती का गरजेची आहे याची कारणं लिहून ठेवायची. पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, असं काहीतरी ठोस हवं. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही बजावलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावायला हवी. जिथं व्हॉट्सॲपचा मेसेज चालत नाही, तिथं 'अर्ध्या तासाचं काम आहे' हा फोन नोटीस कशी ठरेल? तुमच्या भावाला नोटीस दिली होती का, हे त्यालाच नीट विचारा. कारण ठाण्यात बसवून पुढे केलेल्या चार-पाच कागदांपैकी एक मागच्या तारखेची नोटीस असू शकते आणि तिच्यावर त्याची सही असू शकते. तसं असेल तर ते लपवू नका, वकिलांना सांगा. सही कधी आणि कुठे घेतली हे रिमांडच्या वेळीच मांडता येतं. सहा महिन्यांनी मांडलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो: अटकेची कारणं. कलम २२(१) म्हणतं, अटक केलेल्या माणसाला त्याची कारणं शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत आणि पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलत करू दिली पाहिजे. वर्षानुवर्षं हे एका ठशावर भागत आलं: 'अटकेची कारणे समजावून सांगितली', खाली सही. काय समजावलं, कोणत्या भाषेत, कुणालाच ठाऊक नाही. ते गेल्या काही वर्षांत बदललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल निकालाने मनी लाँडरिंगच्या अटकेत कारणं लेखी देणं बंधनकारक केलं, मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ निकालाने तेच यूएपीएला लावलं. त्या निकालात एक फरक समजावला आहे जो प्रत्येक आरोपीच्या घरच्यांनी समजून घ्यावा. 'पुढील तपासासाठी अटक आवश्यक' हे छापील कारण कुणालाही लागू होतं. 'तू अमुक तारखेला अमुक खात्यात अमुक रक्कम घेतलीस आणि माल दिला नाहीस' हे त्या एकट्या माणसाबद्दलचं कारण आहे, आणि तेच लेखी हवं. कारण त्याशिवाय वकील जामिनाच्या अर्जात उत्तर कशाचं देणार?

फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात आरोपीला हॉस्पिटलच्या खाटेला साखळीने बांधून ठेवल्याचंही कोर्टासमोर आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिथं सांगितलं की कारणं कळवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची, आणि कलम २२(१) मोडलं असं दिसलं तर आरोपीला सोडायला हवं. नंतर दोषारोपपत्र आलं म्हणून आधीची बेकायदा अटक कायदेशीर होत नाही. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहिर राजेश शहा प्रकरणात हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लागू झाला: कारणं लेखी, त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. अगदीच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. तुमच्या भावाची अटक या निकालाच्या आधीची की नंतरची, हे तारीख बघून ठरवा. आधीची असेल तर ऑगस्ट २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल समोरून दाखवला जाईल. कर्नाटकातल्या त्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं होतं की नुसता लेखी कागद नव्हता एवढ्यावर भागणार नाही, त्याने आरोपीचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवा. सरकारी वकील तो निकाल खिशात घेऊनच येतात. उत्तराची तयारी ठेवा.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की हे सगळं गेल्या दोन-चार वर्षांतलं आहे. तसं नाही. 'टेक्निकल' म्हणणाऱ्यांना मी ज्यासाठी विरोध करते ते कारण मागे आहे. घटना समितीत कलम २१ लिहिताना अमेरिकन घटनेतली 'ड्यू प्रोसेस'ची कल्पना, म्हणजे कार्यपद्धती न्याय्य आहे का हेही कोर्टाने बघायचं, मुद्दाम बाजूला ठेवली गेली, आणि फक्त 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' एवढंच ठेवलं. अनेक सभासद त्यावर नाराज होते. संसदेने कसाही कायदा केला तरी तो चालून जाईल, ही त्यांची भीती. ती डॉ. आंबेडकरांनी मनावर घेतली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवीन कलम मांडलं, आजचं कलम २२, आणि मांडताना साफ सांगितलं की आधीच्या कलमात जे सुटलं त्याची ही भरपाई आहे. चोवीस तास, कारणं, वकील, या तिन्ही गोष्टी त्या दिवशी आल्या. या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्याच, मग घटनेत कशाला, असा प्रश्न तेव्हाही होता. उत्तर सोपं आहे: साधा कायदा संसद बहुमताने बदलू शकते. ज्या गोष्टीला घटनाकारांनी मुद्दाम तिच्या हाताबाहेर ठेवलं, तिला तांत्रिक म्हणणं मला पटत नाही.

आणि ती भीती खोटी नव्हती. १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा आहे म्हणजे कार्यपद्धती आहे, ती न्याय्य आहे का हे आम्ही बघणार नाही, अशीच भूमिका घेतली. १९७६ मध्ये आणीबाणीत तर चार विरुद्ध एक मतांनी असं ठरलं की स्थानबद्ध माणूस कोर्टाचं दारही ठोठावू शकत नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्यायालयाने स्वतःच उघडपणे मोडीत काढला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली. आणि २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी प्रकरणात न्यायालय म्हणालं, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी. मनमानी असेल तर ती कार्यपद्धतीच नव्हे.

मनेका गांधी प्रकरणाची एक बाजू लोकांच्या लक्षात राहत नाही. त्यांचा पासपोर्ट सरकारने जमा करायला सांगितला आणि कारण द्यायला नकार दिला. खटला घटनेच्या इतिहासात अजरामर झाला, पण पासपोर्ट परत द्या असा आदेश काही कोर्टाने दिला नाही. सरकारने त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ अशी हमी दिली आणि त्यावर प्रकरण थांबलं. म्हणजे या हक्काने वस्तू मिळाली नाही, सुनावणी मिळाली. तुमच्या भावाच्या बाबतीतही अपेक्षा याच बेताने ठेवा.

तर केस संपते का? नाही. विहान कुमार निकालातच लिहिलंय की अटक बेकायदा ठरली तरी तपास, दोषारोपपत्र आणि खटला यांना धक्का लागत नाही. भाऊ सुटेल, गुन्हा राहील. तपासाला गरज पडली तर सगळ्या अटी पाळून पुन्हा अटकही मागता येते. पुराव्याचंही तसंच. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा आपोआप बाद, हा अमेरिकन नियम आपल्याकडे नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपली कोर्टं विचारतात, पुरावा मुद्द्याशी संबंधित आहे का? असेल तर तो येतो. याला अपवाद आहेत आणि ते भक्कम आहेत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीचं कलम ५० पाळलं नाही तर त्या झडतीत मिळालेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटला न चालवता आधीच डांबून ठेवण्याच्या, उदाहरणार्थ महाराष्ट्राच्या एमपीडीए कायद्याच्या आदेशांत तर प्रक्रियेवरच सगळं उभं असतं. तिथं खटला नसतो, म्हणून स्थानबद्ध माणसाच्या निवेदनावर निर्णयाला विनाकारण उशीर झाला एवढ्यावरही उच्च न्यायालय आदेश रद्द करतं. पण साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यात प्रक्रियेचा भंग तुम्हाला स्वातंत्र्य मिळवून देऊ शकतो. निर्दोषत्व त्याने मिळत नाही.

आता त्या खोलीत येऊ, जिथं हे सगळं जिंकलं किंवा हरलं जातं. रिमांडचं काम बरेचदा दुपारनंतर लागतं. हवालदार आरोपीला आणतो, तपासी अंमलदार रिमांड यादी पुढे करतात. सरकारी वकील दोन मुद्दे सांगतात, रक्कम कुठे गेली आणि आणखी कोण सामील आहे. न्यायाधीश आरोपीला विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' आरोपीच्या मागे, हाताच्या अंतरावर, ज्याच्या ताब्यात त्याला पुन्हा जायचंय तोच माणूस उभा असतो. आरोपी म्हणतो, 'नाही.' रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलं जातं, 'तक्रार नाही', आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळते. पुढे जामिनाच्या अर्जात, उच्च न्यायालयात, कुठेही तुम्ही बावन्न तासांबद्दल बोललात की समोरून तो रोजनामा वाचला जातो: तक्रार नाही.

न्यायाधीशांनी विचारायचा हा प्रश्न रिवाज म्हणून आलेला नाही. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर झालेल्या आदेशात तो आहे: छळाची तक्रार आहे का ते विचारा, वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगा. प्रश्न विचारला जातो, पण तो खरा व्हायचा असेल तर आरोपीच्या शेजारी वकील हवा आणि त्या वकिलाने त्याच्याशी आधी दहा मिनिटं का होईना एकट्याने बोललेलं हवं. वकील करायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. भागलपूरच्या खत्री प्रकरणात १९८० मध्येच ठरलंय की ही मदत पहिल्यांदा हजर केल्यापासून द्यायची, खटला उभा राहीपर्यंत थांबायचं नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी. रिमांडला मी तोंडी बोलतेच, पण लांबलचक नाही. हाती लिहिलेला अर्धा पानाचा अर्ज देते: आशिलाला अमुक वाजता ठाण्यात नेलं, तेव्हापासून सोडलं नाही, अटकेची लेखी कारणं दिली नाहीत, कलम ३५(३) ची नोटीस बजावली नाही, नातेवाइकांना कळवलं नाही, म्हणून रिमांड नाकारून मुक्त करावं. त्यावर 'से', म्हणजे समोरच्या बाजूचं लेखी म्हणणं, मागवायला लागतो आणि सरकार पक्षाला काहीतरी लिहावं लागतं. अर्ज फेटाळला गेला तरी चालतं. फेटाळलेला अर्ज वरच्या कोर्टात पायरी असतो. न केलेल्या अर्जावर पाय ठेवता येत नाही. तोंडी केलेल्या जोरदार युक्तिवादाची आठवण संध्याकाळी कोर्टाच्या आवारातही कुणाला राहत नाही, हे नव्या वकिलांना मी पुन्हा पुन्हा सांगते.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या सांगण्याप्रमाणे चोवीस तासांचा, नोटिशीचा आणि बहुधा लेखी कारणांचा असे तीन भंग दिसतात, त्याने गुन्हा संपणार नाही, सुटका मात्र होऊ शकते, आणि पहिल्या रिमांडला हे मांडलं गेलं का, हे आधी तपासायचं.

मांडलं गेलं नसेल तर? दार बंद झालेलं नाही, पण अरुंद झालंय. उद्याच पहिल्या रिमांडची यादी, रोजनामा, अटकेचा फॉर्म आणि वैद्यकीय तपासणीचा कागद यांच्यासाठी नक्कल अर्ज टाका. अटकेच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून कुणाची सही आहे बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे ती घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची हवी. ठाण्यात नेहमी पंच म्हणून सह्या करणारा कुणी असेल तर तो मुद्दा नोंदवा. लेखी कारणांचा कागद नकलेत नसेल तर तसं स्पष्ट लिहून जामीन अर्ज करा, आणि त्यात गुन्ह्याच्या गुणदोषांआधी हा मुद्दा घ्या. सत्र न्यायालयाने ऐकलं नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात अटक आणि रिमांड दोन्हींना आव्हान देता येतं. फक्त हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायची याचिका, टाकून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. न्यायदंडाधिकाऱ्यांचा रिमांड आदेश झालेला असताना ती याचिका सहसा टिकत नाही. आदेश यंत्रवत झाला, डोकं न लावता झाला, हे दाखवावं लागतं.

नुकसानभरपाईबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ती मिळते, पण उशिरा आणि थोडी. बिहारमधले रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही आणखी चौदा वर्षं तुरुंगात राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२ खाली पहिल्यांदा अशी भरपाई दिली, ती एकूण पस्तीस हजार रुपये. रकमेपेक्षा तत्त्व मोठं होतं आणि आजही आम्ही त्याच निकालावर उभे राहतो. तुमच्या भावाच्या बाबतीत मी आधी सुटका, मग जामिनाच्या अटी, आणि भरपाईचा विचार फुटेज हाती आल्यावर, असा क्रम ठेवेन. मारहाण झाली असेल तर मात्र क्रम बदलतो. त्याची वैद्यकीय तपासणी आज, आत्ता, कोर्टाच्या आदेशाने करून घ्या, कारण वळ थांबत नाहीत.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय, 'फसवणाऱ्याला कसले हक्क? ज्याचे पैसे गेले त्याचं काय?' हा राग मला समजतो, मी तक्रारदारांच्याही बाजूने उभी राहते. पण ज्याचे पैसे गेलेत त्याला हवं असतं शिक्षा आणि वसुली. रात्रभर बसवून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात एका कवडीचा नसतो. त्या रात्रीत बँकेची खाती गोठवली असती, व्यवहाराचे कागद पंचनाम्याने जप्त केले असते, तर तक्रारदाराच्या हाती काहीतरी लागलं असतं. नीट कार्यपद्धतीने झालेली अटक टिकते. घाईने झालेली अटक पहिल्या चांगल्या वकिलासमोर पडते, आणि तिथं सगळ्यात जास्त हरतो तो तक्रारदार.

एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. फक्त कलम ३१८(४) असेल आणि भाऊ अजून कोठडीत असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) प्रमाणे साठ दिवसांत दोषारोपपत्र यायला हवं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचं एखादं कलम, उदाहरणार्थ बनावट दस्तऐवजाचं जड कलम, नंतर वाढवलं तर हे नव्वद दिवस होतात. म्हणून दर रिमांडला कलमं वाचा. साठ दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पक्कं केलंय. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच डिफॉल्ट बेलचा, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज दाखल करा, जामीन द्यायची तयारी दाखवा आणि अर्जावर वेळेसह पोच घ्या. अर्ज आधी आणि दोषारोपपत्र नंतर आलं तर हक्क कायम राहतो. दोषारोपपत्र आधी पोचलं तर तो गेला.